नुसत्या पंखाचं विमान

रिटायर झालेल्या बाईकडे दोनच गोष्टी जमतात, रिकामे डबे आणि ऑफिसच्या गोष्टी. डबे मी वाटून टाकले. गोष्टी कोणाला द्यायच्या? म्हणून नर्मदेकाठच्या आमच्या या हिंदी शहरात, विजय नगरच्या बागेत आम्ही सहा-सात जणी संध्याकाळी बसतो, तिथं त्या काढते. एक काढली की तिला चिकटून दुसरी येते. शेजारच्या बाकावरचे गुप्ताजी पेपर खाली ठेवून कान देतात. मराठी कळत नाही म्हणतात, पण हसतात बरोबर जागेवर!

परवा एकीनं विचारलं, "कुमुदताई, तुम्ही म्हणे तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत कागदाची विमानं करत होत्या?"

होय बाई, करत होते. आणि त्याच्यापायी एका भल्या माणसाची नोकरी आणि अब्रू दोन्ही टांगणीला लागली होती, तीही माझ्या हातून. हसण्यासारखं त्यात बरंच आहे. मला मात्र अजून पूर्ण हसता येत नाही. ऐका.

*

बासष्टच्या लढाईत आमच्या फॅक्टरीत तीन पाळ्या सुरू झाल्या. माझे मिस्टर भरणी विभागात होते, म्हणजे गोळ्यात दारू भरायचं काम. एका सकाळी डबा घेऊन गेले, ते गेलेच. दोन महिन्यांनी त्यांच्या जागी मला घेतलं. भरणीत नव्हे, ड्रॉइंग ऑफिसात, ट्रेसर म्हणून. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं नकाशा काढणार, त्यावर पारदर्शक कापड ताणून मी तो शाईनं उतरवणार. शाळेत चित्रकलेत पहिली यायचे, तेवढंच माझं भांडवल.

माझे ड्राफ्ट्समन होते खानझोडेजी. पन्नाशीला आलेले, कमी बोलणारे, शहराच्या जुन्या भागातून, गढ्यातून, सायकलवर येणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे नकाशा ठेवला. पाहते तर तोफगोळा! माझ्या घरातला माणूस ज्यानं नेला तोच. मला असं रडू फुटलं की पेनातली शाई नकाशावर सांडली.

ते रागावले नाहीत. नकाशा उचलला, खण उघडला आणि एक कागदाचं विमान माझ्यापुढे ठेवलं. पंख कुठून सुरू होतो अन् कुठं संपतो ते कळेना, सगळंच गोल, थाळीसारखं.

"हे खरंच उडलं होतं," ते म्हणाले.

मी नाक पुसत म्हटलं, "हे? हा तर पराठा आहे!"

"आमचे मिश्राजी तेच म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत या. कसं उडलं ते दाखवतो."

दोन महिन्यांत मी पहिल्यांदा पूर्ण डबा खाल्ला तो त्या दिवशी.

*

आमची मंडळी म्हणजे तिघंच. खानझोडेजी, मी आणि स्टोअरचे मिश्राजी. मिश्राजींकडे एक डब्यासारखा कॅमेरा होता आणि त्याच्यावर त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं त्यांची बायकोच सांगायची.

सदर बाजारातल्या रद्दीवाल्याकडे छावणीतल्या साहेबलोकांची जुनी परदेशी मासिकं यायची. त्यात प्रयोगाच्या विमानांचे फोटो असत. जगात एखादंच बनवलेलं, उडतं का नाही पाहायला. कोणी शेपटीवर उभं राहून उडणारं, कोणाचे पंख उलटे पुढे वळलेले. खानझोडेजी त्या फोटोंवरून मापं काढत आणि मग जाड कार्डशीट कापून, दुमडून, मैद्याच्या खळीनं चिकटवून आम्ही ते विमान छोट्या मापात उभं करत असू. उभं झालं की मिश्राजी त्याचा फोटो काढणार. फोटोशिवाय विमान पूर्ण झालं असं ते मानतच नसत.

एकदा मशीन शॉपचा फोरमन आला. म्हणाला, "क्या खानझोडेजी, ये क्या ऊटपटांग बनाते हो! कोई लड़ाकू बनाओ न, बम-वम लगा के!"

खानझोडेजींनी मान वर न करता सांगितलं, "भैया, बम तो दिनभर बनाते हैं. आधा घंटा छुट्टी मिलती है, उसमें भी वही करें?"

फोरमन हसत गेला. खानझोडेजींबद्दल माझ्या मनात जी माया बसली ती तेव्हापासून.

*

चौसष्टच्या उन्हाळ्यात त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा हलायला लागल्या. आकडे अगदी बरोबर, जागच्या जागी, पण रेघ अशी की जणू चालत्या टांग्यात बसून काढली आहे. मी काही बोलले नाही. शाईनं उतरवताना सरळ करून टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले तेव्हा माझी खात्री झाली.

आठ-दहा दिवसांनी ते माझ्या टेबलापाशी आले.

"कुमुदबाई, तुम्ही माझ्या रेघा सरळ करून राहिल्या."

"हो."

"काहून?"

"वाकडी रेघ शाईनं कशी काढतात ते तुम्ही मला शिकवलंच नाही नं!"

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पाठ फिरवूनच म्हणाले, "कोणाला कळलं तर मेडिकल बोर्ड बसवतील. ड्राफ्ट्समनचा हात गेला म्हणजे ड्राफ्ट्समन गेला. पेन्शनला सात वर्षं आहेत माझ्या."

घरी दम्यानं खंगलेली बायको, मूलबाळ नाही, दुसरं कोणी कमावणारं नाही. मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "मला काय कळते त्यातलं. मी आपली ट्रेसर."

तेव्हापासून आकडा त्यांचा आणि रेघ माझी. नकाशात सूतभर चूक झाली तर गोळा तोफेतच फुटतो, म्हणून ते प्रत्येक माप तीनदा ताडून पाहत. माझ्या रेघेवर पट्टी ठेवून अर्धा अर्धा तास डोळे फोडत. विमानांचंही तसंच. कोणता तुकडा केवढा अन् कुठं दुमडायचा हे त्यांच्या डोक्यात, कापायची मी.

मिश्राजींना समजलं होतं का, मी एकदा आडून विचारलं. ते म्हणाले, "दीदी, मैं तो सिर्फ कैमरे से देखता हूँ. बाकी मुझे कम दिखता है."

*

पासष्टच्या उन्हाळ्यात आमचं सातवं विमान तयार झालं. नुसत्या पंखाचं. शेपूट नाही, धड नाही, एकच मोठा पंख आणि मधोमध वैमानिकाला बसायला काचेचा उंचवटा. दोन विती रुंद. सिगारेटच्या पाकिटातली चांदी मी त्याच्यावर कणाकणानं चढवली आणि शिवणाच्या सुईनं आतून टोचे मारले, म्हणजे बाहेरून खिळ्यांच्या रांगा दिसतात. चार महिने लागले. इतकं देखणं दुसरं काही माझ्या हातून आजवर झालं नाही, खोटं काहून सांगू!

मिश्राजी म्हणाले, "इसका फोटो टेबल पर नहीं होगा. इसको भेड़ाघाट ले चलो!"

त्यांची युक्ती अशी की विमान कॅमेऱ्याच्या अगदी जवळ टांगायचं आणि मागे दूरवर नर्मदेचे संगमरवरी कडे. भर दुपारचं ऊन पाहिजे, म्हणजे जवळचं आणि दूरचं दोन्ही स्पष्ट येतं. रविवारी आम्ही गेलो. खानझोडे वहिनी दशम्या घेऊन आल्या होत्या. सगळं जमलं, पण दोरा काही लपेना. पांढरा दिसतो, काळा दिसतो, मासे धरायची तार उन्हात चमकते. मिश्राजींचा जीव वरखाली!

मग ते माझ्याकडे टक लावून पाहायला लागले. मी म्हटलं, "काय आहे?"

"दीदी, आपके बाल बहुत लंबे हैं."

विधवा बाईच्या केसांकडे त्या काळी कोणी असं बोट दाखवत नसे. मी चांगलीच तडकणार होते. पण वहिनी आधी हसल्या, मग खोकत खोकत हसल्या, आणि म्हणाल्या, "अगं दे न उपटून! देवाला देतात, विमानाला देशील!"

तीन केस गाठी मारून दिले. विमान टांगलं. खटका दाबला गेला, आणि दुसऱ्या क्षणाला वारा आला. केस तुटले. ते पंखाचं पाखरू कड्यावरून तरंगत, खरंच तरंगत, पार नदीच्या मधोमध गेलं आणि पाण्यावर टेकलं. चार महिन्यांचं काम!

खानझोडेजींनी मात्र हात जोडले. "नर्मदे हर! उडलं, कुमुदबाई. पाहिलं नं? उडलं!"

*

आता मिश्राजींचा एक नियम होता. रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही. एका रोलमध्ये बारा फोटो आणि त्यांचे झाले होते अकरा. बाराव्यासाठी त्यांनी तीन महिने लावले. शेवटी भाचीच्या बारशाला तो संपला आणि फोटो धुऊन हातात आला तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. लढाई पेटलेली. फॅक्टरीत आम्ही बारा-बारा तास बसलेलो.

फोटो असा आला होता की आम्ही तिघं तो एकमेकांच्या हातून ओढून पाहत राहिलो. कड्यांवरून एक चकचकीत, बिनशेपटीचं विमान चाललं आहे. कागद म्हणून कुठं ओळखू येत नाही.

खानझोडेजींचा हात कागदावर काही लिहिल्याशिवाय राहणारा नव्हता. तीस वर्षांची सवय! मागे त्यांनी इंग्रजीत लिहिलं, नमुना सात, अमुक स्केल, ठिकाण भेडाघाट. खाली तारीख टाकली. कोणती? कागद ऑफिसात आला त्या दिवशीची. ऑफिसात तसंच करतात, काढला कधी ते कोण पाहतो. लिहून फोटो माझ्या टेबलावर ठेवला.

माझ्या टेबलावर त्या दिवशी दोनशे नकाशे होते. लढाईत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मागून 'सीक्रेट'चा शिक्का मारायचा हुकूम होता. शिक्का, कागद सरकव, शिक्का, कागद सरकव. डोळे उघडे होते, पण पाहत कोण होतं? त्या ढिगात मी फोटोवरही मारला. अगदी ठसठशीत!

संध्याकाळी खानझोडेजींनी फोटो न पाहता डब्याच्या पिशवीत टाकला, वहिनींना दाखवायला. गेटवर दरबान पिशव्या उलट्या करून पाहत होते.

*

त्यांचा पास काढून घेतला आणि घरी बसवलं. चार दिवसांत सगळ्या गढ्यात झालं, फॅक्टरीतला मराठी बाबू जासूस निघाला. वहिनी भाजीला गेल्या तर भाजीवालीनं तराजू उचलला नाही.

चौकशीला सिक्युरिटीचे मेजरसाहेब आणि दोन अधिकारी. मला साक्षीला बोलावलं. मी सरळ सांगितलं, शिक्का मी मारला, चुकून मारला. मेजरसाहेब म्हणाले, "दो सौ कागज पर सही मारा, इसी एक पर चूक हुई?"

खानझोडेजींनी ते परदेशी मासिक आणलं. "साहब, यह देखिए, यह विमान विदेश का है, बीस साल पुराना है. हमने इसकी कागज की नकल बनाई."

मेजरसाहेबांनी मासिक पाहिलं, फोटो पाहिला. "यानी आप खुद कह रहे हैं कि विमान विदेशी है. तो फिर वो भेड़ाघाट पर क्या कर रहा है?"

मिश्राजी पुढे झाले. "साहब, पानी देखिए! कितना नीचे है. ये जेठ का पानी है. अभी तो नर्मदाजी बाढ़ में हैं!"

"पीछे तारीख देखिए," मेजरसाहेब म्हणाले. "सितंबर की है."

कागदावर तारीख असली की नदीचं कोण ऐकतं?

खणातून अन् घरून जप्त केलेली बाकीची विमानं टेबलावर मांडली होती. मेजरसाहेबांनी त्या गोल थाळीवाल्याला बोटानं ढकललं. "ये कागज के हैं, दिख रहा है. फोटोवाला कागज का नहीं दिखता."

आणि मग त्यांनी फोटो उलटा केला. "अच्छा, ये लिखावट देखिए. एक-एक अक्षर काँप रहा है. ये किसी डरे हुए आदमी की लिखावट है. किससे डर रहे थे, खानझोडेजी?"

खानझोडेजींनी हात टेबलाखाली घेतले. एका वाक्यात त्यांची अब्रू वाचत होती आणि त्याच वाक्यात नोकरी जात होती. ते वाक्य माझं नव्हतं, त्यांचं होतं. मी ओठ दाबून बसले, आणि त्या बसण्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी मेजरसाहेबांनी निकाल दिला. "कागज का है तो बना के दिखाइए. यहीं, हमारे सामने. परसों से तीन दिन."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गढ्याला गेले. वहिनी दारातच बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

मी सगळं ठरवूनच गेले होते. सातव्या विमानाच्या मापांचे कागद माझ्याकडे होतेच. मी बावीसच्या बावीस तुकडे घरी कापून, दुमडून, लिफाफ्यात घालून नेले होते. म्हटलं, "उद्या पिशवीत न्या. कार्डशीटच्या खाली ठेवा. कात्री हातात घ्यायची, खाली वाकायचं अन् कापलेला तुकडा वर काढायचा. चिकटवणं तर तुम्हाला जमते. कोणाला काही कळत नाही."

खानझोडेजींनी लिफाफा उघडून एक तुकडा उजेडाला धरला. तुकडा त्यांच्या हातात पानासारखा हलत होता. म्हणाले, "छान कापला."

वहिनी म्हणाल्या, "नोकरी गेली तर जाऊ द्या हो. मी खानावळ काढते. पण गद्दाराची बायको म्हणून मला मरायचं नाही."

"नोकरीही जाणार नाही, वहिनी," मी म्हटलं. "फक्त यांनी तोंड उघडायचं नाही."

खानझोडेजी हो म्हणाले. माझ्या समोर, वहिनींच्या समोर, चांगलं स्पष्ट हो म्हणाले.

*

सकाळी दहाला कमिटी बसली. टेबलावर कोरी कार्डशीट, कात्री, ब्लेड, खळीची वाटी. मी आणि मिश्राजी भिंतीशी.

खानझोडेजी आत आले, खुर्चीवर बसले, पिशवीतून तो लिफाफा काढला आणि मेजरसाहेबांच्या पुढे ठेवून दिला!

"ये क्या है?"

"विमान के बाईस टुकड़े, साहब. चोरी से लाने को कहा था, पर मुझसे नहीं होगा."

"किसने काटे?"

"इन्होंने, कुमुदबाई ने. ये सातवाँ विमान इन्हीं के हाथ का है." मग त्यांनी दोन्ही हात टेबलाखालून काढून टेबलावर ठेवले. ते थरथरत होते आणि त्यांनी ते थरथरू दिले. "लिखावट डर की नहीं है. ये है. और ये भी लिख लीजिए, सवा साल से मेरे नाम के हर ड्रॉइंग की हर लकीर इन्हीं की है. नाप मेरे हैं. लकीर में जो सीधा है, वो इनका है."

मला इतका राग आला, इतका राग आला! रात्री जागून कापलेले तुकडे, वहिनींचा खोकला, सात वर्षांची पेन्शन, सगळं या माणसानं एका दमात पाण्यात टाकलं होतं. वर माझंही नाव सांगितलं. माझीही नोकरी जाईल एवढं तरी यांच्या डोक्यात आलं का? मी ओरडलेच, "काहून सांगितलं तुम्ही? काय गरज होती?"

ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ते विमान कोणी बनवलं, विचारून राहिले. मी बनवलं म्हणून कसं सांगू?"

मेजरसाहेबांना मराठी येत नव्हतं. तरी त्यांनी लिहिणं थांबवलं. लिफाफा बाजूला ठेवला आणि कोरी कार्डशीट माझ्याकडे सरकवली.

"तो बनाइए," ते म्हणाले. "शुरू से."

*

तीन दिवस. खानझोडेजी डोळे मिटून मापं सांगत, मी कापत होते. एका कागदावर बघणं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी चांदी संपली. कमिटीतले दोघं सिगारेट ओढत नव्हते. मेजरसाहेबांनी खिशातून पाकीट काढलं, सिगारेटी टेबलावर ओतल्या आणि चांदी मला दिली. दुपारनंतर त्यांनी शिपायाला अजून पाकिटं आणायला पिटाळलं. संध्याकाळपर्यंत टेबलावर सिगारेटींचा ढीग आणि ओढायला कोणाला फुरसत नाही! तिघंही अधिकारी टेबलावर वाकून सुईचे टोचे पाहत होते.

विमान झालं. मिश्राजींनी ते खिडकीत टांगलं, मागे मदन महलच्या टेकड्या, आणि खटका दाबला.

मेजरसाहेब म्हणाले, "फोटो कब मिलेगा?"

मिश्राजींनी कॅमेरा छातीशी धरला. "साहब, नया रोल है. ग्यारह बाकी हैं."

"मिश्राजी!" मेजरसाहेब ओरडले.

बाकीचे अकरा फोटो मग कमिटीनं विमानाबरोबर स्वतःचेच काढून घेतले.

चार दिवसांनी दोन्ही फोटो मेजरसाहेबांपुढे होते. दोन्हीत विमान खऱ्यासारखंच दिसत होतं, ते वळवून वळवून पाहत राहिले. मग दोन्ही फोटो, विमान, लिफाफा, सगळं एका फाइलीत बांधलं, लाखेनं बंद केलं आणि वरती स्वतःच्या हातानं शिक्का मारला. सीक्रेट!

*

जासुसीचा आरोप गेला. पण हात दिसला होता. सवा वर्षाचे सगळे नकाशे पुन्हा तपासायला काढले. महिना-दीड महिना दुसऱ्या फॅक्टरीतून आलेली माणसं पट्टी लावून बसली होती. खानझोडेजी रोज सकाळी येऊन व्हरांड्यात बाकावर बसत, कोणी काही विचारलं तर सांगायला. एकही माप चुकीचं निघालं नाही. तरी मेडिकल बोर्डानं लिहिलं ते लिहिलंच. त्यांना ड्रॉइंगमधून काढून रेकॉर्ड रूमला पाठवलं, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळायला. पेन्शन तेवढी वाचली. वहिनी भाजीला गेल्या तर भाजीवालीनं म्हणे कोथिंबीर वर टाकली.

माझीही साहेबांपुढे पेशी झाली. वाटलं, काढतात आता. त्यांनी मला ट्रेड टेस्टला, म्हणजे कामाच्या परीक्षेला, बसवलं आणि पुढच्या महिन्यात हुकूम आला, खानझोडेंच्या ड्रॉइंग बोर्डावर आता कुमुदबाई.

मी त्या बोर्डाशी चार दिवस उभ्यानं काम केलं. त्यांचं स्टूल होतं तिथंच होतं. ते उंच माणूस, मी ही अशी. चढून बसलं तर पाय लोंबकळायचे आणि रेघ हलायची. कोणाला सांगून खाली करून घ्यायचं, तर जीव धजेना. त्यांच्या वस्तूला हात लावल्यासारखं वाटायचं.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते आले. रेकॉर्ड रूमची धूळ खांद्यावर, हातात मशीन शॉपमधून मागून आणलेला पाना. माझ्याशी बोलले नाहीत. स्टुलापाशी गुडघे टेकून बसले आणि पाना नटाला लावायला लागले. पाना नटावर बसेना. बसला की सुटायचा आणि लोखंडावर वाजायचा. सगळ्या हॉलमध्ये तो आवाज. माणसं डबे उघडे ठेवून पाहत होती. मिश्राजी उठले, मी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

चार नट होते. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, कोणी जागचं हललं नाही. बड्या साहेबांनी दारातून पाहिलं आणि ते तसेच मागे फिरले. शेवटचा नट आवळून खानझोडेजी बोर्डाला धरून उभे राहिले, रुमालानं स्टुलाची बैठक पुसली.

"बसून पहा, कुमुदबाई."

मी बसले. पाय फरशीला टेकले. मी मान हलवली. ते दोन पावलं मागे गेले, डोळा बारीक करून माझ्या कोपराकडे, बोर्डाच्या कडेकडे पाहिलं.

"अजून एक सूत खाली पाहिजे," ते म्हणाले. "उठा." आणि पुन्हा गुडघ्यावर बसले.